पोस्टकार्डांची पाठ भिंतीला लावू नका



दसरा-दिवाळीच्या आधीची आवराआवर सुरू झाली, की माझ्या टपालाचा रंगच बदलतो. एरवी लोणच्याला बुरशी का आली, साडीवरचा हळदीचा डाग कसा काढू, असे प्रश्न असतात. या दिवसांत मात्र एकच प्रश्न निरनिराळ्या रूपांनी येतो : "हे ठेवू की टाकू?"

या वेळी एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "आमचे दीर बोटीवर नोकरीला होते. ज्या बंदराला बोट लागेल तिथून ते सासूबाईंना चित्राचं एक कार्ड टाकायचे. तशी शंभराच्या वर कार्डं आहेत. शिवाय माझ्या माहेरची आहेत, ती वेगळीच. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या ट्रंकेत हा गठ्ठा निघाला. मुलगा म्हणतो, मोबाइलवर फोटो काढून घे आणि गठ्ठा रद्दीत दे. मला ते जिवावर येतं. भिंतीवर लावली तर शोभतील का? आणि लावायची कशी?"

शोभतील, नक्की शोभतील. कशी लावायची तेही सांगते. पण त्याआधी कशी लावायची नाहीत, ते सांगणं भाग आहे. कारण तो उद्योग मी स्वतः करून बसले आहे.

माझं लग्न १९७८ साली झालं. माझे वडील रेल्वेच्या हिशेब खात्यात होते आणि तपासणीसाठी सतत फिरतीवर असत. जिथं जातील तिथलं चित्राचं कार्ड विकत घेऊन, पाठीमागे चार ओळी लिहून ते मला सासरी पाठवत. विजापूरचा गोलघुमट, हंपीचा दगडी रथ, अजिंठ्याचा पद्मपाणी, गिरसप्प्याचा धबधबा. दोन वर्षांत चोवीस कार्डं जमली. आमचं दोन खोल्यांचं नवं बिऱ्हाड, भिंती रिकाम्या, आणि हौस तर दांडगी! तीन फूट बाय दोन फुटांचा प्लायवूडचा तुकडा आणला, मैद्याची खळ शिजवली, कसर लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूदही घातलं, आणि चोवीसच्या चोवीस कार्डं सहा-सहाच्या चार ओळींत चिकटवून टाकली. फार देखणं झालं होतं हो! येणारा-जाणारा विचारायचा, कुठून आणलंत?

बाबा दिवाळीला आले. फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. "छान दिसतंय," म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "पाठीमागचं वाचलंस ना?"

मी म्हटलं, "अहो, वाचलं की! आलं त्याच दिवशी."

१९९१ साली बाबा गेले. महिन्याभराने मी फळा खाली काढला. वाफेवर धरला, ओलं फडकं ठेवलं, पातळ सुरीनं उचकटून पाहिलं. शाई पसरली, चित्राचा वरचा पापुद्रा सुटला, कागदाचा लगदा झाला. चोवीसांतली चार कार्डं धड निघाली. गोलघुमटाचं कार्ड त्यांत नाही. घुमटातल्या सज्जात उभं राहून बाबांनी माझ्या नावानं हाक मारली होती आणि ती किती वेळा परत आली, ते मोजून त्या कार्डावर लिहिलं होतं. हिशेब खात्यातला माणूस, तो मोजणारच! सात लिहिलं होतं की दहा, ते मला आता आठवत नाही.

म्हणून पहिला नियम, आणि हा एक पाळलात तरी पुष्कळ झालं : कार्डाला गोंद, खळ, चिकटपट्टी यांतलं काहीही लागता कामा नये. चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडते आणि तिचा चिकट डाग कागदात कायमचा मुरतो. ज्याच्या पानांनाच चिकटपणा असतो आणि वरून पारदर्शक कागद ओढायचा असतो, तो आल्बमही नको. लॅमिनेशन तर मुळीच नको. एकदा केलं की ते निघत नाही. आज लावलेलं कार्ड उद्या सहज काढून मागची बाजू वाचता आली पाहिजे.

आधी वाचा, मग निवडा

गठ्ठा सोडा. रबरबँड असेल तर काढून टाका, तो वितळून कागदाला चिकटतो. टाचण्या आणि क्लिपाही काढा, त्यांच्या गंजाचे डाग पडतात. हात धुऊन कोरडे करा आणि सरळ वाचायला बसा. पुष्कळ घरांत पत्रं तारेच्या आकड्याला टोचून माजघरात खुंटीला टांगत. तशी तुमची असतील तर मधोमध भोक असेल. ते बुजवायच्या भानगडीत पडू नका. घरानं ती पत्रं कशी जपली, त्याची ती खूण आहे.

वाचता वाचता तीन ढीग करा. पहिल्यात चित्र सुरेख, पण मागे नुसतं "सुखरूप पोचलो" अशी कार्डं. दुसऱ्यात चित्र बेताचं किंवा साधं सरकारी कार्डच, पण मजकूर मोलाचा. तिसऱ्यात दोन्ही बाजू सारख्याच गोड असलेली. हे ढीग पाडले, की कुठलं कार्ड कसं लावायचं हा प्रश्न निम्मा सुटतो.

तारीख नसलेली कार्डंही बरीच निघतील. टपालाचा शिक्का उजेडात तिरका धरून पाहा. साध्या कार्डावर पत्त्याखाली पिनकोडची सहा घरं छापलेली असली तर ते १९७२ नंतरचं, कारण पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. आपल्याकडे पोस्टकार्ड आलं ते मात्र १ जुलै १८७९ रोजी, पाव आण्याला एक. एखाद्या जुन्या चित्रकार्डावर मजकूर चित्राच्याच कडेनं दाटीवाटीनं लिहिलेला दिसला तर लिहिणाऱ्याला वेंधळा समजू नका. सुरुवातीला मागची सबंध बाजू पत्त्यासाठी राखलेली असे. पत्ता आणि मजकूर एकाच बाजूला लिहायची मुभा इंग्लंडमध्ये १९०२ साली मिळाली आणि मग इतरत्र ती रीत पडली. गठ्ठ्यात रविवर्मा प्रेसचं एखादं कार्ड निघालं, किंवा चित्रकार धुरंधरांनी काढलेल्या त्या काळच्या मुंबईकर बायाबापड्यांचं निघालं, तर ते शंभरेक वर्षांपूर्वीचं असू शकतं. त्याला भिंत दाखवू नका. जाणकाराला दाखवा.

आता एक नाजूक गोष्ट. पोस्टकार्ड उघडंच असतं, पोस्टमनही ते वाचू शकतो, हे खरं. म्हणून ते बैठकीच्या खोलीत टांगावं असं मात्र नाही. आजारपण, उसनवारी, जावाजावांतली कुरबूर, एखाद्या मुलीचं न जमलेलं लग्न, हे सारं त्या चार ओळींत असतं. ज्यांच्याबद्दल लिहिलं आहे ती माणसं किंवा त्यांची मुलं आज तुमच्या घरी चहाला येतात. अशी कार्डं पेटीतच राहू द्या. आणि लिहिणारं माणूस हयात असेल तर एका शब्दानं विचारा. दीर आहेत ना? मग त्यांना विचारा. तेवढ्या निमित्तानं चार गोष्टी बोलणं होईल.

लावण्याच्या पाच तऱ्हा

१. खाचेची पट्टी : ही सगळ्यांत सोपी आणि माझी सर्वांत आवडती. सुताराकडून ६० सेंटिमीटर लांबीची, तीन-चार बोटं रुंदीची लाकडी पट्टी करून घ्या आणि तिच्यात लांबीच्या दिशेनं एक उथळ, जरा तिरकी खाच पाडायला सांगा. साधं कार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर उंच असतं. एका पट्टीत चार कार्डं आरामात उभी राहतात. ना खिळा, ना डिंक. दर महिन्याला चार कार्डं बदला. शंभर कार्डं एकदम लावली तर कुणी एकही पाहत नाही. चार लावली तर चारही पाहतात, आणि सहज उचलून मागचं वाचतातही.

२. खणाची कप्पेदार पट्टी : घरात खणाचं किंवा इरकली कापड पडून असेलच. ५५ सेंटिमीटर रुंद आणि ६५ सेंटिमीटर उंच तुकडा घ्या, मागे जाड अस्तर लावा. त्यावर पारदर्शक प्लास्टिकचे कप्पे शिवा, आडवे तीन आणि उभे चार. १४ बाय ९ च्या कार्डाला १५ बाय १० चा कप्पा पुरतो. परदेशी कार्डं बहुधा थोडी मोठी असतात, तेव्हा सगळ्यांत मोठं कार्ड मोजून मगच कात्री चालवा. कप्प्याला मागचा थरही प्लास्टिकचाच हवा, म्हणजे पावसाळी दमटपणात कापडाचा रंग कार्डाला लागणार नाही. प्लास्टिक मात्र पाहून घ्या. मऊ, वास येणारं पीव्हीसी कालांतरानं चिकट होतं आणि चित्र धरून ठेवतं. दुकानात पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे कप्पे मागा. वर दुमडीत एक काठी सरकवली, की पट्टी तयार.

३. दोन्ही बाजूंची फ्रेम : तिसऱ्या ढिगातल्या, म्हणजे चित्र आणि मजकूर दोन्ही मोलाचे असलेल्या, दोन-तीन कार्डांसाठी. फ्रेमवाल्याला पुढे काच आणि मागेही काच अशी फ्रेम करायला सांगा. दोन काचांच्या मध्ये जाड कागदाचे दोन माऊंट, आणि प्रत्येक माऊंटला कार्डाहून चहूबाजूंनी दोन-तीन मिलिमीटर लहान खिडकी. कार्ड या दोन माऊंटांच्या मध्ये बसतं. ते हलू नये म्हणून मध्ये कार्डाच्याच मापाची खिडकी असलेला एक कागद घालतात. माऊंट हवाच. काच कागदाला टेकली, की ओलाव्यानं चित्र काचेला चिकटतं. ही फ्रेम भिंतीवर नको. टेबलावर किंवा पुस्तकांच्या कप्प्यात उभी ठेवा, म्हणजे कुणीही ती फिरवून पाहील. बाबांची वाचलेली चार कार्डं मी अशीच ठेवली आहेत.

४. कोपऱ्यांचा आल्बम : आल्बम म्हणजे कपाटात बंद, असं समजू नका. बैठकीतल्या टीपॉयवर उघडा ठेवा आणि आठवड्याला एक पान उलटा. कार्डं बसवायला कागदी कोपरे घरीच करता येतात. तीन सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटर रुंद अशी पांढऱ्या कागदाची पट्टी आडवी धरा. वरच्या कडेचा मध्यबिंदू धरून डावी आणि उजवी बाजू खाली तिरकी दुमडा. दोन्ही टोकं मधोमध मिळतील आणि त्रिकोणी खिसा तयार होईल. कार्डाचा कोपरा त्या खिशात सरकवा आणि खिशाच्या मागच्या बाजूला डिंक लावून तो पानावर चिकटवा. डिंक कागदी कोपऱ्याला लागतो, कार्डाला नाही. नातवंडांना हे काम द्या, सुट्टीतली एक दुपार छान जाते.

५. नकाशा : बोटीवरच्या दिरांच्या कार्डांसाठी मला हे सुचलं. शाळेच्या दुकानातला जगाचा मोठा नकाशा आणून बोर्डावर लावा. कार्डांच्या रंगीत झेरॉक्स काढून त्या कडेनं लावा आणि प्रत्येक प्रतीपासून त्या त्या बंदरापर्यंत रंगीत दोरा ओढा. इथं प्रतीच वापरायच्या, म्हणजे टाचण्या खुशाल टोचा. बोट कुठून कुठे गेली, ते तारखांच्या क्रमानं दिसेल. सासूबाईंनी कधी समुद्रही ओलांडला नसेल, पण त्यांच्या ट्रंकेत केवढा प्रवास साठला होता, ते घरातल्यांना एका नजरेत कळेल.

दोरीला चिमट्यांनी कार्डं लटकवण्याची तऱ्हा तुम्ही पाहिली असेल. नव्या कार्डांना ती चालेल. जुन्यांना चिमट्याचे वळ पडतात, म्हणून मध्ये जाड कागदाची घडी घाला. आणि टेबलाच्या काचेखाली? आपल्या घराघरांत ती जागा कॅलेंडरं, फोटो आणि कार्डं यांचीच असते, मला ठाऊक आहे. पण चहाचा एक कप सांडला, की काचेखाली शिरलेलं पाणी लवकर वाळत नाही. तिथं झेरॉक्सच घाला.

ऊन, ओल आणि कसर

समोरून ऊन येतं त्या भिंतीवर मूळ कार्ड लावू नका. फाउंटनपेनची निळी शाई उन्हानं पाहता पाहता फिकी पडते, चित्रातला लाल रंगही उडतो. स्वयंपाकघराशेजारची भिंत नको, कारण फोडणीचा तेलकट धूर थेट तिथं बसतो. न्हाणीघराला लागून असलेली नको, आणि पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंतही नको. फ्रेम भिंतीला सपाट टेकवू नका. मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाच्या चकत्या लावा, म्हणजे मागून वारा खेळेल.

कोकणात आणि गोव्यात तर मी सरळ म्हणेन, की मूळ कार्डं मृगापासून दसऱ्यापर्यंत उतरवून ठेवा. त्यांनाही चातुर्मास पाळू द्या! पुठ्ठ्याच्या कोरड्या पेटीत, आत पांढरा कागद अंथरून, कार्डं उभी ठेवा. बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या एक-दोन पुड्या टाका. पुड्या फोडायच्या नाहीत, आणि लहान मुलांच्या हाती लागू द्यायच्या नाहीत. डांबरगोळ्या घालायच्याच असतील तर मलमलच्या पुरचुंडीत, कार्डाला न टेकता. पावसाळ्यात उघडीप मिळाली, की महिन्यातून एकदा पेटी उघडून पाहा. बुरशीचा ठिपका दिसला तर ते कार्ड लगेच बाजूला काढा, सावलीत वाऱ्यावर वाळवा आणि मगच मऊ ब्रशनं घराबाहेर झटका. ओल्या फडक्यानं पुसायचं नाही.

कार्डावर काही नोंद करायची असेल तर मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं. बॉलपेनचा दाब पुढच्या चित्रावर उमटतो.

आणि मुलाचं काय?

मुलगा म्हणतो, फोटो काढून ठेव. त्याचं निम्मं ऐका. फोटो जरूर काढा, मात्र दोन्ही बाजूंचे. उद्या काही बरंवाईट झालं तर मजकूर तरी हाती राहील. माझ्या चोवीस कार्डांच्या पाठीचे असे फोटो असते, तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण फोटो काढले म्हणून गठ्ठा रद्दीत द्यायचा नाही.

त्याच्याशी वाद घालू नका. एका रविवारी जेवणं आटोपली, की चटई टाका, गठ्ठा मध्ये ठेवा आणि त्यालाच वाचायला सांगा. "ती. आईस शि. सा. न. वि. वि." इथपासून सगळं. ती अक्षरं म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष, हे त्याला ठाऊक नसेल तर सांगा. काका तेव्हा किती वर्षांचे होते, बोटीवर काय जेवत होते, आईनं कसली काळजी करू नये म्हणत होते, ते त्याच्या तोंडून घरानं ऐकू द्या. दहा-बारा कार्डं वाचून झाल्यावर गठ्ठा कुठं ठेवायचा ते त्यालाच विचारा. तरीही तो रद्दी म्हणाला तर मला परत लिहा. मग तुमची पट्टी आणि कपाटाचा एक कप्पा तुमच्या नावावर करून घ्यायचा, आणि त्याबाबत घरात कुणाचं ऐकायचं नाही!

माझा तो फळा अजून आहे. वीस कार्डं त्यावर तशीच आहेत, काहींचे पापुद्रे निघालेले. गेल्या वर्षी मी प्रत्येक कार्डाखाली कागदाची एक चिठ्ठी लावली आणि पाठीमागचं जे आठवतं ते पेन्सिलीनं लिहिलं. सहा चिठ्ठ्या कोऱ्या राहिल्या. गोलघुमटाच्या चिठ्ठीवर "बाबांनी हाक मारली" एवढं लिहिलं आहे आणि पुढे आकड्यापुरती जागा सोडली आहे.

तुमच्या गठ्ठ्यातून काय निघालं ते कळवा. कार्डावर कळवलंत तर मला अधिक आवडेल. पोस्टात ती अजून मिळतात, आणि ते मी डिंक न लावता ठेवीन.

पुढच्या अंकात : चांदीची भांडी आणि दिवाळीचे दिवे, कमी मेहनतीत लख्ख कसे करावेत.